वाट पाहणाऱ्यांचा सिनेमा

२००५ च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत गुन्हेगारी कॉमिकवरून केलेले दोन चित्रपट एकाच वेळी होते. एक रॉबर्ट रॉड्रिगेझ आणि फ्रँक मिलर यांचा ‘सिन सिटी’. दुसरा डेव्हिड क्रोननबर्गचा ‘अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स’. पहिल्याची वाट जगभरचे कॉमिकवेडे वर्ष-दीड वर्ष पाहत होते. दुसऱ्याची कुणीच पाहत नव्हतं. तो मुळात कॉमिकवरून घेतलाय हेच बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक नव्हतं. प्रेक्षकांचं सोडा, खुद्द क्रोननबर्गच्या हाती पटकथा पडली तेव्हा त्यालाही त्याची कल्पना नव्हती. मोठं पारितोषिक दोघांनाही मिळालं नाही, ते बेल्जियमचे दार्देन बंधू घेऊन गेले. ‘सिन सिटी’ला तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं.

त्या वर्षीची ही जोडी मला फार बोलकी वाटते. वाट पाहण्यानं चित्रपटाचं काय होतं, हे या दोघांना शेजारी शेजारी ठेवलं की नीट दिसतं.

आपल्याकडे वाचकांच्या वाट पाहण्याचा अनुभव कादंबऱ्यांचा आहे. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर २०१३ मध्ये संजय जाधव यांचा चित्रपट आला तेव्हा पुस्तकाच्या जुन्या वाचकांत झालेली धुसफूस आठवून पाहा. चित्रपट तुफान चालला, तरी ‘हा आमचा दिग्या नाही’ म्हणणारे भेटतच राहिले. पण त्यात प्रत्येकाचा दिग्या वेगळा होता, कारण शिरवळकरांनी शब्द दिले होते, चेहरा दिला नव्हता. कॉमिकच्या वाचकाला चेहरा मिळालेला असतो. नाक कुठं मोडलंय, कोट कुठवर लोंबतोय, दिव्याचा उजेड गालाच्या कुठल्या बाजूनं पडतोय, सगळं चितारून ठेवलेलं. त्यामुळे तो चित्रपटगृहात शिरतो ते पुढे काय होणार हे बघायला नव्हे. ते त्याला पाठ असतं. तो शिरतो ते तपासनीस म्हणून.

मिलरच्या वाचकांना तर तपासायला भरपूर होतं. ‘सिन सिटी’ १९९१ मध्ये डार्क हॉर्स या प्रकाशनाच्या ‘डार्क हॉर्स प्रेझेंट्स’ या मासिकात क्रमशः सुरू झालं. तोवर मिलर हे अमेरिकी कॉमिकमधलं फार मोठं नाव झालं होतं. आधी ‘डेअरडेव्हिल’ आणि मग १९८६ चं ‘द डार्क नाइट रिटर्न्स’, ज्यात त्यानं बॅटमॅनला म्हातारा, चिडका आणि धोकादायक करून टाकलं. पण ती पात्रं कंपन्यांची होती. ‘सिन सिटी’ त्याची स्वतःची. मुखवटे नाहीत, झगे नाहीत. बेसिन सिटी नावाचं एक सडकं शहर, विकले गेलेले पोलिस, रोआर्क नावाचं सगळं खिशात घालून बसलेलं घराणं, आणि त्यांच्या विरोधात उभे राहणारे गुंड, बदनाम बायका, हृदयाचं दुखणं असलेला निवृत्तीला आलेला एक पोलिस.

गोष्टी तशा जुन्याच वळणाच्या. मार्व्ह नावाचा दगडातून फोडून काढल्यासारखा राक्षसी माणूस सकाळी उठतो तर शेजारी झोपलेली बाई मेलेली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला माया दिलेली असते, म्हणून तो मारेकऱ्याच्या शोधात निघतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकाला किंवा ‘धनंजय’चा दिवाळी अंक आधी पळवणाऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. नवं होतं ते रेखाटन. मिलरनं राखाडी रंग हद्दपार केला. नुसतं काळं आणि पांढरं. पान आधी काळ्यात बुडवायचं आणि मग त्यातून उजेड कोरून काढायचा. पाऊस पांढऱ्या चिरांसारखा, चेहऱ्याच्या जागी कधी नुसत्या चिकटपट्ट्या, कधी नुसता चष्मा. काही पानांवर एक अक्षर नाही. मार्व्ह पावसातून चालतोय, बस. ‘दॅट यलो बास्टर्ड’ या १९९६ मधल्या कथेत एका खलनायकापुरता पिवळा रंग आला आणि तो इतका किळसवाणा वाटला की वाचणाऱ्यांना त्याचा वास यावा.

हे सगळं पडद्यावर येणार नाही, अशी मिलरची पैज होती. पैज म्हणण्याचं कारण त्याचा आधीचा अनुभव. ‘रोबोकॉप २’ची पटकथा त्यानं लिहिली होती. १९९० मध्ये चित्रपट आला तेव्हा त्यातलं त्याचं फारसं काही शिल्लक नव्हतं. ‘रोबोकॉप ३’लाही तेच. हॉलिवूडमध्ये लेखकाची पटकथा म्हणजे सार्वजनिक नळ, येईल त्यानं आपला हंडा भरून न्यावा. मिलर तिथून निघाला आणि चित्रफलकावर परतून त्यानं असं काही करायला घेतलं की ज्यात फक्त कागद, शाई आणि तो. ‘सिन सिटी’चे हक्क मागायला येणाऱ्यांना तो वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिला.

रॉड्रिगेझ टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये राहून काम करणारा. १९९२ चा त्याचा पहिला चित्रपट ‘एल मारियाची’ सात हजार डॉलरांत झाल्याची कथा चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. पुढे ‘स्पाय किड्स’नं पैसा दिला. ऑस्टिनच्या जुन्या विमानतळाच्या आवारात त्याचा ट्रबलमेकर स्टुडिओ उभा राहिला, आणि तिथं हिरव्या पडद्यासमोर डिजिटल कॅमेऱ्यानं चित्रीकरण करण्यात त्याचा हात बसला. लहान मुलांचे चित्रपट करता करता त्याच्या लक्षात आलं की हेच तंत्र मिलरच्या काळ्या-पांढऱ्याला लागू पडेल. मागे शहर बांधायचंच नाही. नट खरे, पाऊस आणि भिंती नंतर.

मिलर मानेना. तेव्हा रॉड्रिगेझनं जे केलं ते हॉलिवूडच्या रिवाजात बसणारं नव्हतं. तो कराराचे कागद घेऊन गेला नाही. आधी चाचणीची दृश्यं लॅपटॉपवर घेऊन न्यूयॉर्कला गेला. मग त्यानं मिलरला ऑस्टिनला बोलावलं आणि ‘द कस्टमर इज ऑलवेज राइट’ ही अगदी लहानशी कथा जॉश हार्टनेट आणि मार्ली शेल्टन यांना घेऊन एका दिवसात चित्रित केली. बोली अशी, की आवडलं तर पुढे जाऊ, नाही आवडलं तर ही फीत तुझी, मित्रांना दाखव. मिलर तिथंच विरघळला. गच्ची, लाल झगा, सिगारेट, पाऊस, आणि एक गोळी. हेच दृश्य दाखवून मग ब्रूस विलिससारख्या नटांना आणलं गेलं, आणि पुढे तेच चित्रपटाच्या सुरुवातीला लागलं.

मुद्द्याची गोष्ट याच्या पुढे आहे. रॉड्रिगेझनं मिलरला सहदिग्दर्शक केलं. ज्याची पानं आपण चौकटीगणिक उचलणार, तो माणूस श्रेयनामावलीत ‘यांच्या कॉमिकवर आधारित’ एवढ्यावर कसा ठेवायचा, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेचा नियम असा की एका चित्रपटाला एकच दिग्दर्शक. आधीपासून जोडीनं काम करणाऱ्यांना तेवढी सवलत. मिलर या व्याख्येत बसत नव्हता. रॉड्रिगेझनं संघटनेचा राजीनामा दिला. त्याची किंमतही मोजली. पॅरामाउंटसाठी तो एडगर राइस बरोज यांच्या जॉन कार्टरच्या मंगळकथांवर मोठा चित्रपट करणार होता. पॅरामाउंटला संघटनेचा सदस्यच दिग्दर्शक म्हणून लागे, त्यामुळे ते काम हातचं गेलं. (जॉन कार्टर पुढे २०१२ मध्ये डिस्नेकडून आला आणि आपटला, तेव्हा रॉड्रिगेझ वाचला असंही म्हणता येईल.)

हा राजीनामा जाहिरातीच्या कुठल्याही फलकापेक्षा मोठा ठरला. तोवर कॉमिकवाल्यांचा अनुभव असा की चित्रपटवाले येतात, नाव विकत घेतात आणि आतलं सगळं बदलतात. इथं एक दिग्दर्शक पहिल्यांदाच चित्रकाराच्या नावासाठी स्वतःचं नुकसान करून घेत होता. वाट पाहणाऱ्यांना याहून मोठं तारण काय हवं होतं? २००४ च्या उन्हाळ्यात सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये दोघांनी चित्रित झालेला भाग दाखवला तेव्हा वाचकांनी ओळखून घेतलं ते पानं. हा कोन अमक्या पानावरचा, ही उडी तमक्या अंकातली. त्यांना चित्रपट आवडला होता असं म्हणण्यापेक्षा त्यांची उजळणी बरोबर निघाली होती.

चित्रीकरणाच्या कथा मजेदार आहेत, आणि त्यातल्या निम्म्या तरी त्या हिरव्या पडद्याच्या आहेत. मोजके दोन-चार सेट सोडले तर बेसिन सिटी कुठं बांधलीच नव्हती. मार्व्ह झालेला मिकी रुर्क आणि त्याचा वैरी केव्हिन झालेला इलायजा वुड पडद्यावर एकमेकांना फोडून काढतात, पण दोघांचं काम वेगवेगळ्या वेळी झालं, समोरासमोर ते आलेच नाहीत. पिवळ्या खलनायकाला, म्हणजे निक स्टालला, रंगवलं ते निळ्यानं. हिरव्या पडद्यासमोर पिवळा घाण करतो, म्हणून तो नंतर संगणकावर पिवळा केला. पांढरं रक्त हवं होतं तिथं अतिनील दिव्याखाली चमकणारा द्रव वापरला. एक दृश्य क्वेंटिन टॅरँटिनोनं दिग्दर्शित केलं. क्लाइव्ह ओवेन मोटार चालवतोय आणि शेजारी बसलेलं बेनिशिओ देल तोरोचं प्रेत त्याच्याशी बोलतंय, ते. मानधन एक डॉलर. ‘किल बिल’च्या दुसऱ्या भागाचं संगीत रॉड्रिगेझनं एका डॉलरमध्ये केलं होतं, त्याची ही परतफेड.

१ एप्रिल २००५ ला चित्रपट अमेरिकेत लागला. खर्च सुमारे चार कोटी डॉलर, जगभरची कमाई पंधरा कोटींच्या वर. मिकी रुर्कला लोक विसरले होते, तो परत आला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या निरागस फ्रोडोला नरभक्षक म्हणून बघणं हा ज्यांनी अनुभवला त्यांना आजही विसरता न येणारा धक्का होता. आणि वाचक? वाचक तृप्त झाले. इतक्या बरहुकूम कॉमिक पडद्यावर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मीही तेव्हा भारावून पाहिला. पुन्हा पाहताना मात्र चित्रपट जागोजाग थबकतो, हे नजरेत येतं. प्रत्येक चौकट इतकी जपून उचललेली की नटांना तीत हलायला जागा नाही. मिलरच्या पानावर मार्व्हचं लांबलचक स्वगत चालतं, कारण वाचक आपल्या गतीनं वाचतो, वाटलं तर पावसापाशी थांबतो. पडद्यावर तेच स्वगत कानात ओतलं जातं आणि समोर जे दिसतंय तेच पुन्हा सांगत राहतं. ब्रूस विलिस हे पेलतो, कारण थकलेला आवाज ही त्याची कमाईच आहे. बाकी काही जण पाठांतर म्हणून दाखवल्यासारखे वाटतात. आणि मिलरच्या जगातल्या बायका. जवळजवळ प्रत्येक बाई वेश्या, नर्तिका किंवा बळी. कागदावर त्या रेषांच्या झपाट्यात हे अंगावर येत नाही. हाडामांसाची रोझारिओ डॉसन चामड्याच्या पट्ट्यांत उभी राहिली की येतं. जेसिका अल्बानं नॅन्सीची भूमिका करताना विवस्त्र व्हायला नकार दिला. मूळ पानांत नॅन्सी तशी आहे, त्यामुळे बरहुकूमवाले काही जण कुरकुरले. त्या कुरकुरीत मला वाट पाहणाऱ्यांच्या हक्काची सगळ्यात ओंगळ बाजू दिसते.

आता दुसरीकडे या. ‘अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स’ हे जॉन वॅग्नर आणि व्हिन्स लॉक यांचं कॉमिक १९९७ मध्ये पॅरॅडॉक्स प्रेसनं काढलं होतं. खपलं बेताचं. लहान गावात खाणावळ चालवणारा एक साधा माणूस दोन गुंडांना मारतो, प्रसिद्ध होतो, आणि त्याचा पुरलेला भूतकाळ दारात येऊन उभा राहतो. पुढचं कॉमिक रक्तपिपासू आहे. रिची नावाच्या बालमित्राला गुंडांनी वर्षानुवर्षं छळत जिवंत ठेवलेलं असतं, तो भाग वाचवत नाही. पटकथाकार जॉश ओल्सननं हे सगळं काढून टाकलं, रिचीला नायकाचा भाऊ केला, नायकाचं आडनाव बदललं आणि गोष्ट वळवली ती त्याच्या बायकोकडे. आपला नवरा कोण आहे, हे तिला कळतं तेव्हा घरात काय होतं? विगो मॉर्टेन्सन आणि मरिया बेलो यांच्यातला जिन्यावरचा तो प्रसंग कॉमिकमध्ये नाहीच. ओल्सनला या पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं.

हे त्यांना करता आलं कारण कुणी पाळतीवर नव्हतं.

त्याच्या तीन वर्षं आधी, २००२ मध्ये, तसंच ‘रोड टू पर्डिशन’चं झालं होतं. मॅक्स ॲलन कॉलिन्सनं लिहिलेलं आणि रिचर्ड पियर्स रेनरनं चितारलेलं हे कॉमिकही पॅरॅडॉक्स प्रेसचं, १९९८ मधलं. इलिनॉयमधल्या रॉक आयलंडचा जॉन लूनी हा खरा गुंड, त्याच्या टोळीतला एक मारेकरी, म्हणजेच बायको-धाकटा पोरगा मारले गेल्यावर मोठ्या पोराला घेऊन सूडाच्या वाटेला लागलेला बाप. कॉलिन्सनं कधी लपवलं नाही की ही कल्पना त्यानं काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांच्या ‘लोन वुल्फ अँड कब’ या जपानी मांगावरून घेतली. गंमत म्हणजे त्याच मांगाच्या इंग्रजी आवृत्तीची मुखपृष्ठं १९८७ पासून रंगवली ती फ्रँक मिलरनं. म्हणजे बापलेकाच्या एकाच जपानी सूडकथेचं पाणी अमेरिकेत दोन ओढ्यांनी वाहिलं. सॅम मेंडिसच्या चित्रपटानं लूनीचं रूनी केलं, ज्यूड लॉचा प्रेतांचे फोटो काढणारा मारेकरी नव्यानं घातला, आणि छायालेखक कॉनराड हॉलनं पावसातलं ते गोळीबाराचं दृश्य असं टिपलं की आवाज नाही, नुसत्या बंदुकांच्या ठिणग्या. हॉल २००३ च्या जानेवारीत गेला, ऑस्कर त्याच्या मागे मार्चमध्ये मिळालं. टॉम हँक्स आणि पॉल न्यूमनला बघायला गेलेल्या किती जणांना हे कॉमिक आहे हे माहीत होतं?

चित्रपट म्हणून तोलायचं तर माझं पारडं वाट न पाहिलेल्या दोघांकडे झुकतं. पण तेवढ्यानं विषय मिटत नाही. कारण या दोघांतही मूळ चित्रकार कोपऱ्यात उभे आहेत. व्हिन्स लॉकचं नाव चित्रपट पाहिलेल्या दहांपैकी एकालाही सांगता येणार नाही. मिलरला मात्र सगळे ओळखतात.

वाट फार लांबली तर तिचं काय होतं याचंही उत्तर ‘सिन सिटी’नंच दिलं. पहिला भाग चालल्यावर दुसऱ्याची घोषणा जवळजवळ लगेच झाली. ‘अ डेम टू किल फॉर’मधल्या एव्हा लॉर्डसाठी अँजेलिना जोलीचं नाव वर्षानुवर्षं फिरत राहिलं. मध्ये २००८ च्या नाताळात मिलरनं विल आयस्नरच्या ‘द स्पिरिट’वर एकट्यानं चित्रपट दिग्दर्शित केला, त्याच हिरव्या पडद्यावर, त्याच काळ्या-पांढऱ्यात. आयस्नरचं १९४० पासूनचं ते हसरं, माणसाळलेलं कॉमिक मिलरच्या काळोखात पार गुदमरलं आणि चित्रपट कोसळला. शैली चित्रकाराची असते, ती दुसऱ्याच्या अंगावर चढवता येत नाही, हे खरं तर मिलरला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. पहिल्या भागातल्या नटांपैकी २००९ मध्ये ब्रिटनी मर्फी गेली, २०१२ मध्ये मायकेल क्लार्क डंकन. दुसरा भाग अखेर २२ ऑगस्ट २०१४ ला लागला तो नऊ वर्षांनी, क्लाइव्ह ओवेनच्या जागी जॉश ब्रोलिन घेऊन. एव्हा लॉर्ड झालेल्या एव्हा ग्रीनला बघायला तरी लोक येतील असं वाटलं होतं. तिच्या भित्तिपत्रकावर अमेरिकेतल्या चित्रपट-वर्गवारी मंडळानं आक्षेप घेतला, गाजावाजा झाला, तरी नाही आले. साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च, जगभरची कमाई चार कोटींच्याही आत. नऊ वर्षांपूर्वी जे कुणी पाहिलं नव्हतं ते एव्हाना जुनं झालं होतं. शिवाय मिलरनं चित्रपटासाठी दोन नव्या कथा लिहिल्या होत्या, म्हणजे त्यांच्यापुरती तपासायला पानंही नव्हती.

आणि मग न आलेल्या चित्रपटांची यादी. ती आलेल्यांहून लांब आहे. ब्रायन अझारेलो आणि एदुआर्दो रिस्सो यांच्या ‘१०० बुलेट्स’चे बरोबर शंभर अंक १९९९ ते २००९ या काळात निघाले, २०१५ मध्ये टॉम हार्डी चित्रपट करणार अशी बातमी आली, चित्रपट आला नाही. जेसन ॲरनच्या ‘स्काल्प्ड’चा पहिला भाग चित्रित होऊनही वाहिनीनं मालिका पुढे नेली नाही.

आपल्याकडे या यादीत डोगा आहे. मराठी घरांत कॉमिक म्हटलं की आधी टाइम्सच्या इंद्रजालमधला वेताळ आठवतो. १९६४ पासून तो मराठीत यायचा. त्याच इंद्रजालमध्ये आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये बहादूर आणला, डाकूंशी लढणारा, कुर्ता आणि जीन्स घालणारा. पण गुन्हेगारी कॉमिकचा खरा काळोख आणला तो दिल्लीच्या राज कॉमिक्सनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तो आणून ठेवला मुंबईत. डोगा हा कचराकुंडीत सापडलेला पोर, चंबळच्या डाकूनं वाढवलेला, मुंबईच्या व्यायामशाळेत अदरक चाचांच्या हाताखाली तयार झालेला. कुत्र्याचा मुखवटा, दोन बंदुका, गटारांतून फिरणं. तो गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली करत नाही, ठार मारतो. त्याची चित्रकला मिलरची नाही, भडक आहे, पण दंगली, बॉम्बस्फोट, टोळ्या या त्या दशकातल्या मुंबईचा संताप त्या पानांत इतका उघडा आहे की इतिहासकार ज्ञान प्रकाश यांनी ‘मुंबई फेबल्स’ या आपल्या २०१० च्या पुस्तकात डोगाला जागा दिली. विभाग, नाके, लोकल, झोपडपट्टी, पोलिस ठाणं असं सगळं मुंबईचं, पण भाषा हिंदी आणि छापखाना दिल्लीचा. मराठीत असलं मुंबईचं कॉमिक कुणी काढलं नाही याची मला खंत आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

अनुराग कश्यप यांनी ‘डोगा’वर चित्रपट करायचं जाहीर केलं होतं. कुणाल कपूर यांचं नाव ठरलं होतं. हिंदी कॉमिक वाचून वाढलेल्या पिढीनं वर्षानुवर्षं वाट पाहिली. तो झाला नाही. २०१५ मध्ये कश्यप यांचा आला तो ‘बॉम्बे वेल्वेट’, त्याच ज्ञान प्रकाश यांच्या सहलेखनातून. २०१८ मध्ये विक्रमादित्य मोटवाने यांच्या ‘भावेश जोशी सुपरहिरो’नं मुंबईच्या पाणीमाफियावर मुखवटेधारी तरुण सोडला, तो पाहताना डोगाच्या वाचकांना नक्कीच हुरहुर लागली असेल. माझ्या मते डोगाचं न येणं फार वाईट झालं नाही. कोर्टाविना गोळी घालणारा नायक कागदावर नव्वदच्या दशकाचा दस्तऐवज आहे. आजच्या पडद्यावर तो टाळ्या घेईल, आणि त्या टाळ्यांचं मला भय वाटतं.

ज्या एका रूपांतराची वाट पाहावी असं मला मनापासून वाटलं ते म्हणजे ‘क्रिमिनल’. एड ब्रुबेकरनं लिहिलेलं, शॉन फिलिप्सनं चितारलेलं हे कॉमिक २००६ पासून सुरू आहे. बेसिन सिटीतले सगळे एक तर राक्षस किंवा शहीद. ‘क्रिमिनल’मधले भुरटे, जुगारी, बापाच्या चुका फेडणारी पोरं. लॉलेस नावाचं एक कुटुंब, हाइड नावाचा एक बडा गुंड, त्यांच्या अड्ड्याचा एक बार, आणि तीन पिढ्या. प्रत्येक कथा सुटी वाचता येते आणि सगळ्या मिळून एक शहर तयार होतं. पहिली कथा ‘कावर्ड’. तिचा नायक लिओ हा पाकीटमारी आणि दरोड्यांची आखणी यांत पटाईत, पण गडबड झाली की पळणारा, म्हणून टोळ्यांत भित्रा ठरलेला. मेलेल्या बापाच्या एका व्यसनी, म्हाताऱ्या साथीदाराला तो घरी सांभाळतो. फिलिप्सची पानं बहुधा तीन आडव्या पट्ट्यांची, दिखाव्याविना. पुढच्या कथांत रंग भरतो त्याचा मुलगा जेकब. सुट्या अंकांच्या मागे जुन्या गुन्हेगारी चित्रपटांवर लेख असायचे, ते संग्रहांत नाहीत, म्हणून लोक सुटे अंक राखून ठेवतात.

‘कावर्ड’वर चित्रपट होणार अशी हाकाटी आधी झाली होती, कोरियाच्या किम जी-वून यांचं नाव दिग्दर्शक म्हणून आलं होतं, काही झालं नाही. २०२४ च्या जानेवारीत ॲमेझॉननं मालिका करायला घेतली. लिओच्या भूमिकेत चार्ली हनम, म्हाताऱ्या आयव्हनच्या भूमिकेत रिचर्ड जेनकिन्स, पहिल्या भागांचं दिग्दर्शन ॲना बोडन आणि रायन फ्लेक यांच्याकडे, चित्रीकरण ओरेगनमधल्या पोर्टलंडला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. मालिकेची सूत्रं जॉर्डन हार्पर या गुन्हेकादंबरीकारासोबत खुद्द ब्रुबेकरच्या हातात दिली गेली.

ब्रुबेकरला हे का हवं होतं हे समजायला ‘विंटर सोल्जर’ची गोष्ट पुरे. कॅप्टन अमेरिकाच्या मेलेल्या साथीदाराला परत आणून त्याचा थंड मारेकरी करणं ही कल्पना ब्रुबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंगची, २००५ ची. मार्व्हलनं तिच्यावर २०१४ मध्ये प्रचंड चित्रपट केला. पात्र कंपनीचं, त्यामुळे कंपनीनं मनात येईल तेवढंच द्यायचं. त्या चित्रपटात ब्रुबेकर एका दृश्यात शास्त्रज्ञ म्हणून दिसतो, आणि त्या क्षणभराच्या भूमिकेचे नटसंघटनेच्या नियमाप्रमाणे येणारे पैसे पात्र निर्माण केल्याबद्दल मिळालेल्या पैशांहून जास्त झाले, असं त्यानंच जाहीर सांगितलं आहे. त्यानंतरची वर्षं त्यानं दूरचित्रवाणीचं काम शिकण्यात घातली. ‘वेस्टवर्ल्ड’च्या लेखकांत बसला, निकोलस विंडिंग रेफ्नसोबत ‘टू ओल्ड टू डाय यंग’ लिहिलं. मिलर दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या हातात त्याची पानं होती आणि त्यातली रेघही हलू नये अशी सगळ्यांची इच्छा होती. ब्रुबेकर पटकथेचा धंदा शिकून आपल्याच पानांकडे परतला. त्यानं ती मोडली तरी मोडणारा हात परक्याचा नाही.

तेव्हा वाचकांना सुचवायचं ते इतकंच. ‘क्रिमिनल’ची मालिका बघायची असेल तर आधी ‘कावर्ड’ मिळवून वाचा, फार मोठं पुस्तक नाही, एका संध्याकाळचं काम आहे. मालिका त्याच्याशी जुळते का, हे मात्र पानं उघडी ठेवून तपासत बसू नका. ‘रोड टू पर्डिशन’ आणि ‘अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स’ पाहिले नसतील तर आधी ते बघा, मग ‘सिन सिटी’चा पहिला भाग. दुसरा नाही पाहिला तरी चालेल.